तळपायाचा काळा डाग आणि मेलानोमाचं ऑपरेशन : वऱ्हाडातल्या कुटुंबांनी काय जाणून घ्यावं

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे तोंडाचा, स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर डोळ्यासमोर येतो. खर्रा आणि तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरबद्दल तर अमरावती-अकोल्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात कुणी ना कुणी ऐकलेलं असतं. पण त्वचेलाही कॅन्सर होतो, आणि त्यातला सर्वांत घातक प्रकार आपल्या लोकांमध्ये बहुधा तळपायाला किंवा नखाखाली होतो, हे फारच थोड्यांना माहीत आहे. त्याचं नाव मेलानोमा.

हा आजार आपल्या देशात कमी आढळतो. वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी लोकांना तो होतो. मग त्यावर एवढा मोठा लेख का, असं कुणी विचारील. कारण असं, की हा आजार लवकर सापडला तर बऱ्याचदा एका छोट्या ऑपरेशनने संपतो. उशीर झाला तर मोठं ऑपरेशन करूनही हाती काही लागेल याची खात्री नसते. या दोन टोकांमधलं अंतर काही मिलिमीटरचं आणि काही महिन्यांचं असतं. आणि हे महिने आपण घालवतो ते बहुतेक वेळा कुरूप, काट्याची जखम किंवा शुगरची जखम समजून.

मेलानोमा म्हणजे नेमकं काय

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. त्या मेलानिन नावाचं रंगद्रव्य तयार करतात. या पेशी बिघडून बेसुमार वाढू लागल्या की त्याला मेलानोमा म्हणतात. सुरुवातीला त्या कातडीच्या वरच्या थरात आडव्या पसरतात. तेव्हा फक्त डाग दिसतो, गाठ लागत नाही, दुखत नाही. पुढे त्या खाली, खोल उतरू लागतात. खालच्या थरात रक्ताच्या आणि लसिकेच्या बारीक नळ्या असतात. तिथवर पोचल्या की त्या पेशी जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींमध्ये जातात, आणि तिथून फुप्फुस, यकृत, मेंदू असा प्रवास करू शकतात.

गोऱ्या लोकांच्या देशांत, जसं ऑस्ट्रेलियात, हा आजार उन्हामुळे पाठीवर, पायांवर, चेहऱ्यावर जास्त होतो. आपल्या सावळ्या कातडीत मेलानिन भरपूर असल्यामुळे उन्हापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून आपल्याकडे हा आजार होतो तो ऊन न लागणाऱ्या जागी : तळपाय, तळहात, नखाखाली, कधी तोंडाच्या आत, नाकात किंवा गुदद्वारात. अकोल्याचं ऊन देशात गाजलेलं आहे, पण तळपायाच्या मेलानोमाचा दोष त्या उन्हाला देता येत नाही. "मी तर उन्हात जात नाही, मला कसा होईल" असं म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका चटईवर बसल्याने, रुग्णाची जखम धुतल्याने तो कुणाला होत नाही. घरातल्या रुग्णाला वेगळं ठेवू नका.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यायचं

शेतात, कापसाच्या पऱ्हाटीत, बाभळीच्या काट्यांत चालणाऱ्या पायांना जखमा होणारच. प्रत्येक काळा ठिपका कॅन्सर नसतो. लाखो लोकांच्या पायाला तीळ असतात आणि ते जन्मभर तसेच राहतात. आपण बघायचं ते बदलाकडे.

• तळपायावर किंवा तळहातावर नवीन काळा-तपकिरी डाग आला आहे आणि तो वाढतो आहे.
• डागाच्या कडा वाकड्यातिकड्या आहेत, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर, लालसर असे वेगवेगळे रंग आहेत.
• डाग पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठा झाला आहे.
• कुरूप किंवा चामखीळ समजलेल्या जागेतून रक्त येतं, पाणी येतं, खपली धरते आणि परत उघडते.
• एकाच नखात नवीन काळी उभी रेघ आली आहे, ती रुंद होते आहे, किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला आहे. (अनेक नखांत सारख्या फिक्या रेघा असणं आपल्या वर्णाच्या लोकांत बहुतेक वेळा साधं असतं.)
• पायाची जखम नीट ड्रेसिंग करूनही दोन महिन्यांत भरत नाही.

शेवटचा मुद्दा डायबेटिसच्या रुग्णांसाठी फार महत्त्वाचा आहे. शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाला जखम झाली की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही "शुगरची जखम" धरून चालतात. सहा-सहा महिने पट्ट्या बदलल्या जातात. काही मेलानोमा काळे नसतातच, ते लाल मांसासारखे दिसतात, म्हणून चकवा बसतो. जखम भरत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा : "साहेब, याचा तुकडा तपासायला पाठवायचा का?" हा प्रश्न विचारायला काहीच पैसे लागत नाहीत.

आपल्या घरांत एक सोय आपोआप आहे. दिवसातून पाच वेळा वजू करताना पाय धुतले जातात. जुम्याच्या दिवशी दोन मिनिटं जास्त द्या. तळवा उलटा करून बघा, बोटांच्या मधली जागा बघा, नखं बघा. अम्मी-अब्बा, दादी-नानी यांना वाकता येत नसेल तर मुलांनी किंवा सुनेनं बघावं. मेंदी लावण्याआधी बायकांनी हातापायाची नखं एकदा पाहून घ्यावीत, कारण मेंदीचा रंग नखावर चढला की महिना-दोन महिने खालचं काही दिसत नाही.

वऱ्हाडात एक वाक्य नेहमी ऐकू येतं : "दुखत नाही तं दवाखान्यात कायले जाचं?" मेलानोमाच्या बाबतीत हेच वाक्य सगळ्यात महाग पडतं. सुरुवातीला तो दुखत नाही.

काय करू नये

चुना आणि सोडा लावून तीळ जाळणं, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून महिनोन्महिने लावणं, बाजारात बसलेल्या माणसाकडून ब्लेडने कुरूप काढून घेणं, घोड्याच्या केसानं चामखीळ बांधणं. हे सगळे प्रकार आपल्याकडे चालतात. साध्या कुरुपाला त्याने फार नुकसान होत नसेल. पण तो मेलानोमा असेल तर वरचा भाग जळतो आणि खालचा वाढत राहतो. शिवाय नंतर डॉक्टरांना मूळ डाग किती खोल होता हे मोजता येत नाही. पुढचा सगळा इलाज याच मोजमापावर अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एखाद्या दवाखान्यात डॉक्टरांनी तीळ, गाठ किंवा कुरूप कापून काढलं, तर काढलेला तुकडा कचऱ्यात जाऊ देऊ नका. तो फॉर्मालिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. तपासणीचे थोडे पैसे वाचवायला गेलो आणि वर्षभराने जांघेत गाठ आली, तर ती कशाची हे शोधण्यातच वेळ जातो.

पहिली पायरी : बायॉप्सी

"सुई लावली, चाकू लावला की कॅन्सर पसरतो," ही भीती आपल्याकडे खोलवर बसली आहे. मेलानोमात नीट केलेल्या बायॉप्सीने आजार पसरून रुग्णाचं आयुष्य कमी होतं, असं आढळलेलं नाही. आजार पसरतो तो वेळ गेल्यामुळे. आधी बायॉप्सीची भीती वाटते, त्यात वर्ष जातं, मग बायॉप्सी होते आणि आजार पसरलेला निघतो. लोक दोष बायॉप्सीला देतात.

डाग लहान असेल तर डॉक्टर तो पूर्ण, कडेची १ ते ३ मिलिमीटर कातडी घेऊन, जागा बधिर करून काढतात. तळपायावरचा डाग मोठा असेल किंवा नखाखाली असेल तर सगळ्यात जाड किंवा काळ्या भागातून पूर्ण खोलीचा तुकडा घेतात. वरवर खरवडून घेतलेला तुकडा कामाचा नसतो, कारण त्यावरून खोली कळत नाही.

रिपोर्ट हाती आला की त्यात एक आकडा शोधा : ब्रेस्लो जाडी. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिलं, की मेलानोमा किती रुंद आहे यापेक्षा तो किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर रुग्णाचं पुढचं आयुष्य जास्त अवलंबून असतं. आजही जगभर त्याच आकड्यावरून टप्पे पाडतात : १ मिलिमीटरपर्यंत, १ ते २, २ ते ४, आणि ४ च्या वर. दुसरा शब्द शोधायचा तो 'अल्सरेशन', म्हणजे वरची कातडी फुटली आहे की नाही. फुटली असेल तर धोका वाढतो.

रिपोर्टसोबत पॅथॉलॉजी लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, जपून ठेवा. मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर ते पुन्हा तपासायला मागतात. उन्हात गाडीच्या डिकीत ब्लॉक ठेवू नका, मेण वितळतं.

मुख्य ऑपरेशन : भोवतालच्या निरोगी कातडीसह काढणं

मेलानोमावर शस्त्रक्रिया हाच मुख्य इलाज आहे. जुनी केमोथेरपी त्यावर फारशी चालत नाही, आणि शेकची म्हणजे रेडिएशनची गरजही मोजक्याच रुग्णांना पडते. ऑपरेशनची कल्पना सोपी आहे. डाग जिथे संपल्यासारखा दिसतो त्याच्या पुढेही काही पेशी पसरलेल्या असू शकतात, म्हणून चारही बाजूंनी थोडी चांगली दिसणारी कातडी आणि खालची चरबी स्नायूंच्या आवरणापर्यंत काढायची.

किती कातडी काढायची हे जाडीवर ठरतं. आजार अजून वरच्या थरातच असेल तर अर्धा ते १ सेंटिमीटर. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर १ सेंटिमीटर. १ ते २ मिलिमीटर असेल तर १ ते २ सेंटिमीटर. २ मिलिमीटरच्या वर असेल तर २ सेंटिमीटर. पूर्वी डॉक्टर ५-५ सेंटिमीटर कातडी काढायचे. नंतर मोठे अभ्यास झाले आणि एवढं कापण्याने रुग्णाचा फायदा वाढत नाही हे दिसून आलं. म्हणजे आजचं ऑपरेशन आपल्या आजोबांच्या काळापेक्षा लहान आहे. पण एक हिशेब मांडून बघा. टाचेवर १ सेंटिमीटरचा डाग आहे. तो पातळ असताना काढला तर जखम साधारण ३ सेंटिमीटरची होईल. तोच डाग वाढून ३ सेंटिमीटर झाला आणि खोल गेला, तर जखम ७ सेंटिमीटरची होईल. ७ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अख्खी टाच.

नखाखालच्या मेलानोमात "बोट कापणार का?" हा पहिला प्रश्न असतो. आजार अगदी वरच्या थरात असेल तर आता बरेच सर्जन नख आणि नखाची गादी काढून बोट वाचवतात. खोल गेला असेल तर बोटाचं शेवटचं पेर, कधी त्याहून थोडं जास्त काढावं लागतं. "पाय कापावा लागेल" ही भीती घेऊन लोक घरी बसतात, पण तळपायाच्या मेलानोमासाठी पूर्ण पाय काढण्याची वेळ आज क्वचितच येते. ती आली तर बहुधा खूप उशीर झाल्यामुळे येते.

यावर जगाला माहीत असलेलं एक उदाहरण आहे. जमैकाचा गायक बॉब मार्ले. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा सापडला. त्याला अंगठा काढण्याचा सल्ला मिळाला होता. त्यानं तो मानला नाही. नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीची कातडी बसवली गेली. आजार पुढे मेंदूपर्यंत पसरला आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. अंगठा काढला असता तर तो नक्की वाचला असता असं आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण सावळ्या माणसाला मेलानोमा कुठे होतो आणि त्यापुढे कोणता निर्णय उभा राहतो, हे त्यातून कळतं.

जखम कशी भरून काढतात

पाठीवर किंवा मांडीवर कातडी सैल असते, तिथे टाके घालून जखम बंद होते. तळपायाची कातडी घट्ट असते. म्हणून तीन मार्ग असतात. एक, जखम उघडी ठेवून ड्रेसिंग करत हळूहळू भरू देणं. दोन, मांडीवरून कातडीचा पातळ थर काढून तिथे लावणं, म्हणजे स्किन ग्राफ्ट. तीन, जवळचीच किंवा दुसरीकडची जाड कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासह फिरवून आणणं, म्हणजे फ्लॅप. टाच आणि पंजा यांच्यावर अख्ख्या शरीराचं वजन पडतं, तिथे फ्लॅप जास्त टिकतो. पायाच्या मधल्या पोकळ भागात ग्राफ्ट पुरतो.

फ्लॅप ही काही परदेशातून आलेली जादू नाही. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये आपल्या पुण्याजवळची एक हकिकत छापून आली होती. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी खाली फिरवून एका विटा घडवणाऱ्या समाजातल्या कारागिरानं पुन्हा बनवलं होतं. ते वाचून युरोपातल्या सर्जननी ही पद्धत उचलली. आज अमरावती-नागपूरचे प्लास्टिक सर्जन जे करतात त्याचा एक धागा असा महाराष्ट्रातूनच गेलेला आहे.

ग्राफ्ट लावल्यावर पाय उंच ठेवून आराम करावा लागतो. पहिली पट्टी साधारण पाचव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. मांडीची जागा भरायला दोनेक आठवडे लागतात, आणि ती जागा पायापेक्षा जास्त आग करते, हे आधीच माहीत असलेलं बरं. तळव्यावर पूर्ण वजन टाकायला कित्येक आठवडे थांबावं लागतं. या काळात बिडी, सिगारेट, खर्रा, तंबाखू पूर्ण बंद. तंबाखूमुळे रक्तपुरवठा कमी होतो आणि लावलेली कातडी मरू शकते. शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवणं हा ऑपरेशनचाच भाग समजा.

गाठीची तपासणी

तळपायाचा मेलानोमा पसरू लागला तर आधी बहुधा जांघेतल्या गाठींत जातो, हाताचा काखेतल्या गाठींत. पूर्वी बऱ्याच ठिकाणी सगळ्याच गाठी सरसकट काढायचे. त्याने अनेकांचा पाय कायमचा सुजायचा आणि लोक त्याला हत्तीपाय म्हणायचे. १९९२ साली अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलानोमासाठी एक नवी पद्धत मांडली. डागापासून निघालेली लसिका ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचते ती पहारेकरी गाठ शोधायची आणि फक्त तीच काढून तपासायची. तिला सेंटिनेल गाठ म्हणतात.

यासाठी डागाजवळ अगदी थोडं किरणोत्सारी औषध टोचतात, ऑपरेशनच्या वेळी निळा रंगही टोचतात, आणि हातातल्या यंत्राने गाठ शोधतात. त्यानंतर एखादा दिवस लघवी निळसर-हिरवी होऊ शकते, घाबरू नका. जाडी १ मिलिमीटरच्या वर असेल तर ही तपासणी सुचवतात. ०.८ ते १ मिलिमीटर असेल किंवा कातडी फुटलेली असेल तर डॉक्टर त्याबद्दल चर्चा करतात. ही तपासणी मोठ्या ऑपरेशनसोबत एकाच वेळी झालेली चांगली, कारण आधी भोवतालची कातडी काढून टाकली की लसिकेचा रस्ता बदलू शकतो. म्हणून सर्जनला ऑपरेशनच्या आधीच विचारा : "सेंटिनेल गाठ तपासायची सोय तुमच्याकडे आहे का? नसेल तर कुठे पाठवाल?"

पहारेकरी गाठीत आजार निघाला तर? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं, की अशा वेळी उरलेल्या सगळ्या गाठी लगेच काढल्या म्हणून रुग्ण जास्त जगतात असं नाही. म्हणून आता बहुतेकांना सोनोग्राफीने नियमित बघत राहतात. पण जांघेत हाताला लागणारी गाठ असेल आणि सुईच्या तपासणीत मेलानोमा निघाला, तर सहसा सगळ्या गाठी काढण्याचं ऑपरेशन सुचवलं जातं.

आजार गाठीत गेला असेल किंवा जाडी जास्त असेल तर ऑपरेशननंतर इम्युनोथेरपी किंवा जनुकाच्या तपासणीनुसार गोळ्या सुचवल्या जाऊ शकतात. ही औषधं महाग आहेत, आणि तळपायाच्या मेलानोमात त्यांचा परिणाम गोऱ्या लोकांच्या मेलानोमापेक्षा कमी दिसतो. जमीन-दागिने विकण्याआधी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा : माझ्या रुग्णाला यातून किती फायदा अपेक्षित आहे, आणि दुसरा पर्याय कोणता? हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे.

अमरावती-अकोल्याहून कुठे जायचं

पहिली तपासणी आपल्याच शहरात होते. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन, आणि पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे, आणि संत तुकाराम कॅन्सर हॉस्पिटल आहे. अचलपूर, परतवाडा, अकोट, बाळापूरच्या लोकांनी आधी त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जनकडे जाऊन बायॉप्सी करून घ्यावी.

मेलानोमा निघाला तर कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघेही असलेल्या ठिकाणी जावं. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मिहानमधलं एम्स आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल आहे. जाण्याआधी सेंटिनेल गाठीच्या सोयीबद्दल फोनवर विचारून घ्या, म्हणजे चक्कर वाया जात नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्डावर नाव, वय, स्पेलिंग जुळतं का ते आजच बघून ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, भरती होण्याआधी त्यांना भेटा आणि तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के आहे. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे.

घरातले काही प्रश्न

घरातल्या बायका तळपाय किंवा जांघ दाखवायला संकोचतात. बाई डॉक्टर मागून घ्या, सोबत आपा, अम्मी किंवा भाभी असू द्या. पण बाई डॉक्टर मिळेपर्यंत महिने थांबू नका.

ऑपरेशननंतर पायावर पट्टी असताना वजू कसा करायचा, खाली बसता येत नसेल तर नमाज कशी पढायची, औषधं चालू असताना रोजे कसे करायचे, हे प्रश्न घरोघर पडतात. आजारी माणसासाठी दीनमध्ये सवलती आहेत, पट्टीवर मसह करण्याचीही आहे. तपशील आपल्या मसलकच्या आलिमांना विचारा, आणि ग्राफ्ट ओला करायचा नाही हे त्यांना आधी सांगा. काढलेलं बोट दफन करायचं असेल तर तसं सर्जनला ऑपरेशनच्या आधी कळवा. तपासणी पूर्ण झाल्यावर उरलेला भाग मिळेल का हे रुग्णालयाचे नियम बघून ते सांगतील. तपासणी मात्र टाळू नका.

दवा करायची की दुआ, असा वाद काही घरांत होतो. कुर्तुब्याचे सर्जन अबुल कासिम अल-जहरावी यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'अत-तसरीफ' या मोठ्या ग्रंथात कॅन्सरवरही लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आजार लहान आणि सुरुवातीचा असेल, आणि पूर्ण काढता येईल अशा जागी असेल, तर काढावा. जुना आणि मोठा झाला असेल तर हात लावू नये. हजार वर्षांत यंत्रं बदलली, भूल आली, खूप काही बदललं. पण लवकर आणि पूर्ण काढा, हा सल्ला आजही तोच आहे.

ऑपरेशननंतर

टाके निघाले म्हणजे काम संपलं असं नाही. पहिली दोन-तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी लागते. घरी महिन्यातून एकदा जखमेच्या कडेला, जखम आणि जांघेच्या मधल्या कातडीवर, आणि जांघेत हात फिरवून बघा. नवीन काळा ठिपका, कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ किंवा जांघेत फुगवटा लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. बाकी अंगावरचे तीळही पाहत राहा.

जांघेतल्या गाठी काढल्या असतील तर पाय सुजू शकतो. पाय उंच ठेवणं, डॉक्टरांनी सांगितलेला घट्ट मोजा घालणं, आणि त्या पायाला जखम होऊ न देणं हे रोजचं काम आहे. त्या पायाने शेतात अनवाणी जायचं नाही.

हा लेख डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. तुमच्या रुग्णासाठी काय योग्य ते त्याचा रिपोर्ट बघून सर्जनच सांगतील. आमचं सांगणं एवढंच : घरात कुणाच्या तळपायाला वाढणारा काळा डाग असेल, एकाच नखात रुंद होणारी रेघ असेल, किंवा न भरणारी जखम असेल, तर या आठवड्यात दाखवा. तुकडा काढला तर तपासायला पाठवा. रिपोर्टमधला मिलिमीटरचा आकडा वाचा. आणि हा लेख तुमच्या मोहल्ल्यातल्या त्या चाचांना वाचून दाखवा, जे वर्षभर कुरुपावर पट्टी लावून फिरत आहेत.